बासष्ट पावलं

नवतपा लागला की चिचेखालची गाडीसुद्धा भट्टी होते.
म्हणून अमरावतीहून बसवून आणलं हे यंत्र:
ओट्यावरून बटण दाबायचं,
गाडीनं आपणच सुरू व्हायचं, आतून थंड व्हायचं,
मग पेशंटला हात धरून बसवायचं.
बसवणाऱ्यानं मोजून दाखवली होती, बासष्ट पावलं.

दोन हप्त्यांपासून ती ऐकतच नाही.
काचेला किल्ली टेकवून दाबावं
तेव्हा कुठं डोळे मिचकावते,
बहिऱ्याच्या कानात ओरडल्यासारखं.

घाटंजीहून नवा सेल आणला.
रुपयाच्या नाण्यानं किल्ली उकलली,
पोरीच्या खोडरबरानं आतली पत्ती घासली.
चार पावलांची सहा झाली.
पांढरकवड्याचे शकूरभाई फोनवर म्हणाले,
हनुवटीला लावून दाबा, डोक्यातलं पाणी लांब फेकतं.
भर चौकात उभा राहिलो किल्ली हनुवटीला लावून.
पानठेल्यावरून मारोत ओरडला,
"काहून बापा, दाढ दुखून राह्यली काय?"
आठ.

काचेची काळी फिल्म सोलली.
आरशामागची वायर पत्र्यापासून बोटभर सरकवली.
ताजण्याच्या वावरातली झटका मशीन
अर्धा तास बंद ठेवायला लावली.
रानडुकरं भर दुपारी कुठं येतात,
तरी तो घड्याळ पाहत धुऱ्यावर उभा.
फरक काही नाही.

मग पारव्याचं भाडं लागलं.
दवाखान्याच्या पायरीवरून सहज बटण दाबलं
आणि लांब, सायकलींच्या पलीकडे, गाडी घुरघुरली.
चालत गेलो, मोजत. बासष्ट.
म्हणजे किल्ली धड, गाडीही धड.
बिघाड आमच्या गल्लीच्या हवेत होता.

त्या रात्री चुन्याची डबी घेतली.
गाडी थोडी पुढं न्यायची, थांबवायची,
मागं मागं जात दाबत राहायचं,
आणि जितकी पावलं ऐकेल
तितका आकडा जवळच्या दगडावर.
गिरणीपाशी तीस.
हापशीवर सात.
समाजमंदिरामागं चार.
झिबलजी लाईनमनच्या फाटकासमोर
काचेला टेकवूनही नाही. तिथं शून्य काढलं.

झिबलजी तीस वर्षं खांबावर चढले,
शेवटची दोन वर्षं खाटेवरून उतरले नाहीत.
मुठीत बिनतारी बेलचं बटण,
बेल स्वयंपाकघरात, सुनेच्या डोक्यावर.
त्यांना जाऊन सतरा दिवस झाले.

कुंदा म्हणाली, "बेल म्या काढून ठेवली.
थे गेल्यावरबी आपल्या मनानं वाजे,
भेव लागे. कोणाले सांगू?"

लोखंडी पेटी उघडली.
रबरी हातमोजे, पट्टा, धोतरजोडी, दोन गोधड्या,
आणि सगळ्याच्या तळाशी ते बटण,
दाबलेलं.
गव्हाच्या दाण्याएवढा लाल दिवा, फिकट, पण चालू.
सतरा दिवस एकच हाक, मध्ये श्वासही न घेता.
माझ्या किल्लीला शब्द टाकायला
फट कुठून मिळणार होती?

मी झाकणाला नख लावलं.
ती म्हणाली, "थांबा जरा."
फडताळातून बेल काढली, पदरानं पुसली,
सॉकेटात खोचली.

ती वाजली. बाजारातली ती स्वस्त कोकीळ.

"आली, मामाजी," कुंदा म्हणाली,
आणि दोन पावलं खोलीकडे गेलीसुद्धा.

मी सेल काढला.
दोघंही काही बोललो नाही.
गाडी दारातच होती,
पण किल्ली दाबून पाहिली नाही.
हातानं दार उघडलं, हातानं सुरू केली.

सकाळी ओट्यावरून दाबलं. बासष्ट.
दगडांवरचे आकडे अजून आहेत,
शाळेची पोरं विचारतात, हे मार्क कोणाचे?
फाटकासमोरचं शून्य मात्र
कोणीतरी पहाटेच धुऊन काढलेलं.